मर्व्हिनचं अवजार आणि बाईंच्या बावीस टर्क्या

बुधवारी सकाळी नऊ वाजता थोरा ब्योर्नसन यांच्या दारात बावीस गोठलेल्या टर्क्या उतरवण्यात आल्या. थोराबाईंचं वय ब्याऐंशी. घरात त्या एकट्या. ओव्हन एक, आणि त्यात एका वेळी एकच टर्की मावते, तीही तिरकी ठेवली तर.

टर्क्या आणल्या बोहदान हाव्रिलुकने, आपल्या पिकअपमधून. पहिल्या काही उतरवून झाल्यावर बाई दार उघडून बाहेर आल्या.

"बोहदान, अजून आहेत का?"

"मागे भरलेल्या आहेत बाई, त्या सगळ्या."

"सगळ्या माझ्या?"

"यादीत तुमचंच नाव आहे. वरपासून खालपर्यंत."

बाईंनी क्षणभर पिकअपकडे पाहिलं. मग पोर्चमधल्या बाकावरच्या जिरेनियमच्या कुंड्या उचलून आत नेल्या आणि म्हणाल्या, "भिंतीकडून रचत ये. वाट मोकळी ठेव."

तुला काही शंका आली नाही का, असं बोहदानला नंतर गावच्या हॉलच्या समितीत विचारण्यात आलं. आली होती, असं त्याने सांगितलं. पण बाईंनी त्याला तिसरीत शिकवलं होतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिसरीत शिकवलं होतं, आणि त्या दोन्ही वर्षांत बाईंना उलट प्रश्न विचारायची सवय त्याला लागली नव्हती.

या प्रकरणाची जबाबदारी कोणाची, यावर लिंडल गावात दोन मतं नाहीत. मर्व्हिन गिस्लासनची. मर्व्हिनचंही तेच मत आहे. त्याला फक्त त्यात थोडी भर घालायची आहे.

मर्व्हिन पालिकेच्या करआकारणी विभागातून निवृत्त झाला होता. विभाग म्हणजे तो एकटाच. निवृत्तीनंतर चर्चचं काम त्याने सोडलं, आइस रिंकचं सोडलं, कारण गुडघ्याने त्याला सोडलं. पण एक गोष्ट सोडली नव्हती. लिंडलच्या हॉलचं शरदातलं टर्कीचं जेवण त्याच्या प्रोग्रॅमवर चालत होतं. हॉल टर्क्या घाऊक विकत घेतो, घराघरात एकेक वाटतो, आणि ज्याने त्याने आपली टर्की आपल्या ओव्हनमध्ये भाजून रविवारी दुपारी हॉलवर आणायची, अशी रीत. कोणाचा ओव्हन मोठा, कोणाचा बिघडलेला, कोणाला पंगतीत कोणाशेजारी बसवायचं नाही, हे सगळं त्या प्रोग्रॅमला ठाऊक होतं. नवरा-बायकोंना ठाऊक नसलेल्या काही गोष्टीही त्याला ठाऊक होत्या.

हा प्रोग्रॅम मर्व्हिनने एका अवजारावर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरवर, बनवला होता. अवजाराचं नाव इथे देण्याचं कारण नाही. मर्व्हिन त्याला नुसतं "अवजार" म्हणे, जसं आपल्याकडच्या एकुलत्या एका गायीला नाव न देता "गाय" म्हणतात. या अवजाराची खुबी अशी की प्रोग्रॅम एकदा लिहिला की तो हॉलच्या विंडोज संगणकावर चालायचा, मर्व्हिनच्या घरच्या मॅकवर चालायचा आणि लिनक्सवरही चालायचा. लिंडलमध्ये लिनक्स कोणाकडेच नव्हतं. पण चालला असता, ही गोष्ट मर्व्हिन पाहुण्यांना कॉफीबरोबर सांगे.

अडचण एकच. टर्की घ्यायची तर हॉलवर येऊन त्या संगणकासमोरच्या खुर्चीत बसावं लागे. समितीची अध्यक्ष आर्लीन पेनर हिने उन्हाळ्यात तो मुद्दा काढला.

"मर्व्हिन, लोक वीस किलोमीटर गाडी हाकत येतात आणि एक बटण दाबून परत जातात. लोकांना हे फोनवर हवंय. ब्राउझरमध्ये."

"येतात तेव्हा कॉफी पितात. गप्पा मारतात."

"कॉफी मी पाजते. तू फोनवर आण."

आर्लीनच्या हातात विनिपेग शहरातल्या एका कंपनीचं तयार पॅकेज होतं. शेजारच्या तीन गावांनी घेतलेलं. सही केली की सोमवारपासून सुरू. त्यात लोकांचे ओव्हन आणि रुसवेफुगवे यांना जागा नव्हती, पण इंद्रधनुष्याच्या रंगांचे आलेख होते. आर्लीन काही दुष्ट बाई नव्हती. हॉलच्या छपरापासून कॉफीच्या कपांपर्यंत सगळं तिच्या अंगावर होतं, आणि एक गोष्ट तरी आपल्या अंगावरून उतरावी एवढीच तिची इच्छा होती. मर्व्हिनचं दुःख वेगळं होतं. ती एक गोष्ट गेली की त्याच्या अंगावर काहीच उरत नव्हतं.

नेमकं त्याच महिन्यात अवजाराच्या कंपनीचं पत्रक आलं. आता याच अवजाराने, याच भाषेत, ब्राउझरमध्ये चालणारे प्रोग्रॅमही बनवता येतील. मर्व्हिनने ते तीनदा वाचलं आणि छापूनही घेतलं. मग तो सल्ला घ्यायला निघाला, आणि लिंडलमध्ये सल्ला घ्यायला निघालेल्या माणसाला फार लांब जावं लागत नाही.

पहिला सल्ला कुंपणावरूनच मिळाला. बोहदान शेजारी राहतो. तीस वर्षं त्याने शेतीयंत्रांच्या सुट्या भागांचं काउंटर सांभाळलं आहे.

"एकच यंत्र कापणार, मळणार, गठ्ठे बांधणार, आणि आता म्हणतोस पोहणारसुद्धा," तो म्हणाला. "एक ना धड भाराभर चिंध्या. पट्टा तुटला की चारही कामं बंद."

"पट्टा तुटलेला नाही."

"तुटेपर्यंत कोणाचाच तुटलेला नसतो, मर्व्ह. माझं काउंटर त्याच्यावरच चाललं."

दुसरा सल्ला फोनवर. मर्व्हिनची बायको ग्वेन, तिच्या बहिणीचा मुलगा केल्विन विनिपेगला वेबसाइटच्याच धंद्यात आहे.

"काका, ते अवजार आता कोण वापरतं?"

"मी वापरतो."

"तुमच्याशिवाय?"

"पुष्कळ लोक आहेत. न्यूझीलंडमध्ये एक दंतवैद्य आहे, त्याने अख्खा दवाखाना त्याच्यावर चालवलाय."

केल्विनने शिकायला हव्यात अशा तीन गोष्टींची नावं सांगितली.

"ईस्टरला तू वेगळ्या तीन सांगितल्या होत्यास," मर्व्हिन म्हणाला.

"ते ईस्टरचं झालं, काका."

को-ऑपच्या पेट्रोल पंपावर सकाळी कॉफीचं टेबल भरतं, तिथे सर्वांत जास्त सल्ला मिळाला. एकाच्या मते त्याच्या नातवाने असलं काम एका दुपारी केलं होतं. काय काम, ते त्याला आठवत नव्हतं. दुसऱ्याने विचारलं की ब्राउझर कुठल्या मापाचा लागेल. तिसऱ्याने सांगितलं की जे काही करायचं ते हिवाळ्याआधी कर, कारण हिवाळ्यात लिंडलचं इंटरनेट वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून असतं. हा तिसरा सल्ला खरा होता. या अवजाराच्या वेब प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बटणाचा दाब दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत येतो, असं पत्रकातच बारीक अक्षरांत लिहिलं होतं. जाऊन येणं जिथे वाऱ्यावर आहे तिथे ही बारीक अक्षरं मोठी होतात. मर्व्हिनने त्यांची नोंद घेतली आणि तो पुढे गेला.

अवघड प्रश्न विचारला ग्वेनने. मर्व्हिन अंगणातली पानं ओढत होता आणि ती पायरीवर बसून बीन्स निवडत होती.

"एक सांग. ते चांगलं आहे म्हणून तुला ते हवंय, की नवीन काही शिकायचं नाही म्हणून?"

मर्व्हिनने बरीच पानं ओढली. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. करआकारणीत तशी गरजही पडत नाही.

"दोन्ही," तो म्हणाला. "पण चौदा वर्षांचे नियम आहेत ग त्यात. नवीन भाषेत ते पहिल्यापासून लिहायचे तर मी सत्तरीला पोचेन. याच्यात ते जसेच्या तसे उचलून नेता येतात."

"जसेच्या तसे?"

"जसेच्या तसे."

हे दोन शब्द पुढे महाग पडले. पण त्या संध्याकाळी ग्वेनला ते पटले, आणि मर्व्हिनचा निश्चय झाला. करायचं, आणि अवजारानेच करायचं.

सप्टेंबरच्या सभेत ठराव आला. टर्क्यांचं वाटप मर्व्हिनच्या नव्या प्रोग्रॅमवर करून पाहावं. नीट झालं तर हॉलचं सगळंच काम त्याच्यावर. नाही झालं तर समिती विनिपेगच्या करारावर सही करील आणि मर्व्हिनचे आभार मानले जातील. आभारांचा मजकूर आर्लीनने आधीच लिहून आणला होता. तो फार चांगला लिहिलेला होता, आणि त्यामुळेच मर्व्हिनला रात्रभर खुपत राहिला.

आता प्रोग्रॅम ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला. मर्व्हिनचा पहिला विचार होता, हॉलच्या तळघरात, इमारत गरम ठेवणाऱ्या भट्टीशेजारी, एक संगणक कायमचा चालू ठेवावा. त्यासाठी तो पालिकेत गेला, कारण हॉल पालिकेचा. खिडकीत नवीन बाई होती. तिने नियम काढून वाचला: सार्वजनिक इमारतीत चोवीस तास चालणारं कोणतंही विद्युत उपकरण कायमचं समजलं जाईल, आणि त्यासाठी पाहणी, शुल्क आणि सहा आठवडे.

"हा नियम रिंकवरच्या बर्फाच्या यंत्रासाठी आहे," मर्व्हिन म्हणाला.

"नियमात यंत्राचं नाव नाही."

"नाही, कारण ते घालायचं राहिलं. मला माहीत आहे. हा मसुदा मीच केलाय."

बाईने नियमाच्या तळाशी पाहिलं. तिथे त्याची आद्याक्षरं होती. "चांगला लिहिलाय," ती म्हणाली. "पळवाट नाही कुठे."

मग भाड्याचा सर्व्हर, ज्याला क्लाउड म्हणजे ढग म्हणतात. त्याला क्रेडिट कार्ड हवं. हॉलचं खातं चेकवर चालतं आणि चेकवर दोन सह्या लागतात. कार्डावर नाव एकाच माणसाचं असतं. खजिनदाराने बँकेला विचारलं, एका कार्डावर दोघांची नावं देता येतील का. बँकेने विचारलं, दोघं नवराबायको आहेत का. खजिनदार आणि आर्लीन नवराबायको नाहीत; एकेकाळी होणार होते, म्हणून खजिनदाराने तो विषय तिथेच थांबवला. शेवटी मर्व्हिनने स्वतःचं कार्ड दिलं आणि समितीच्या इतिवृत्तात "श्री. गिस्लासन यांनी ढगात जागा दिली" अशी नोंद झाली.

प्रोग्रॅम तयार झाला. मर्व्हिनने जुने नियम खरोखरच जसेच्या तसे उचलून नेले. चाचणीही घेतली. स्वयंपाकघरातून ग्वेनने फोनवर लॉगिन करून टर्की घेतली. तिचं झाल्यावर तिने हाक मारली, "झालं रे." मग मर्व्हिनने आपल्या खोलीतून घेतली. चांगल्या घरातली माणसं एकमेकांच्या मध्ये येत नाहीत. केल्विनने फोनवर विचारलं, "काका, किती जणांनी एकदम वापरून पाहिलंय?" मर्व्हिन म्हणाला, "दोघांनी." तो शब्द "एकदम" होता, याकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी चर्चनंतर सगळे कॉफीसाठी हॉलवर जमले. आर्लीनने टाळी वाजवून सांगितलं की टर्क्या आता फोनवर खुल्या आहेत. बावीस घरं, बावीस फोन. थोराबाई सोडून सगळ्यांनी लॉगिन केलं, ओव्हनचं माप भरलं, घरपोच हवी की येऊन नेणार ते भरलं. आणि "घेतो" हे बटण दिसताच सगळे थांबले.

लिंडलमध्ये पहिली टर्की थोराबाई घेतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे मर्व्हिनच्या प्रोग्रॅममध्येही नव्हता. पण कागदाच्या यादीच्या काळापासून पहिल्या ओळीवर बाईंचं नाव असतं, आणि तिथे बसलेल्या माणसांपैकी बहुतेकांनी बाईंच्या हातची पट्टी खाल्लेली आहे. तेव्हा सगळे अंगठा बटणावर धरून बसले आणि बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. सगळ्यांत शेवटी बाईंनी लॉगिन केलं. मग बटण दाबलं.

"घेतली," बाई म्हणाल्या.

हॉलभर अंगठे खाली आले.

प्रत्येकाच्या फोनवर अक्षरं उमटली: "धन्यवाद, थोरा ब्योर्नसन." कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पहिली टर्की बाईंनी घेतली, हॉलने त्यांचे आभार मानले, योग्यच झालं. मागच्या टेबलावरच्या एकाने तर मर्व्हिनच्या पाठीवर थाप मारून सांगितलं की संगणकाला एवढी रीत असेल असं वाटलं नव्हतं. मर्व्हिनने आपल्या फोनवर एकूण आकडा पाहिला. बावीसच्या बावीस गेल्या होत्या. असं कधीच झालं नव्हतं. एरवी दोन-तीन उरत आणि त्याला दारोदार जाऊन गळ घालावी लागे. नावांचा रकाना त्याने उघडला नाही. विजयाच्या वेळी माणूस रकाने उघडत नाही.

बुधवारी दुपारपर्यंत लिंडलमधल्या कोणाच्याच घरी टर्की पोचली नव्हती. पण लिंडलची माणसं तक्रार करत नाहीत. ती चौकशी करतात.

"मर्व्हिन, काही घाई नाही रे. सहज विचारलं. आज हवा बरी आहे ना?"

"बरी आहे."

"टर्क्यांसाठी बरी आहे म्हणते मी."

असे सहा फोन हवेबद्दल झाले. सातव्या वेळी ग्वेन शांतपणे म्हणाली, "मर्व्ह, आपली पण नाही आली." तेव्हा त्याने यादी उघडली.

ग्वेनने येऊन खांद्यावरून पाहिलं.

"थोराबाई," तिने वाचलं. "थोराबाई. थोराबाई. थोराबाई. मर्व्ह, हे खाली सरकव."

"खालीही तेच आहे."

काय झालं होतं ते त्याला कळायला फारसा वेळ लागला नाही, आणि हेच त्याला जास्त लागलं. हॉलच्या संगणकासमोर एक खुर्ची. त्या खुर्चीत कोण बसलंय, ते प्रोग्रॅम एका जागी लिहून ठेवत असे. चौदा वर्षं ते बरोबर होतं, कारण खुर्ची एकच होती. ती एकच जागा मर्व्हिनने जशीच्या तशी उचलून वेबवर नेली. तिथे बावीस माणसं एकदम आली, प्रत्येकाने आधीच्याचं नाव पुसून आपलं लिहिलं, आणि सगळ्यांत शेवटी बाईंनी आपलं लिहिलं. ग्वेन आणि तो घरात आळीपाळीने बसले होते म्हणून काही कळलं नव्हतं.

तो टोपी हातात घेऊन बाईंकडे गेला. पोर्चमध्ये जागा नव्हती, म्हणून पायरीवर उभा राहिला. टर्क्यांच्या वर बाईंनी एक जुनी रजई पसरली होती.

"यादी कोणी केली?" बाईंनी विचारलं.

"मी, बाई."

"मग माझं नाव एवढ्या वेळा कोणी लिहिलं?"

मर्व्हिनने खुर्चीचं सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तू गावजेवणाला एकच खुर्ची मांडलीस."

"हो, बाई."

"सगळ्यांत शेवटी मी बसले."

"हो."

"आणि मग बाकीचा गाव माझ्या मांडीवर येऊन बसला."

मर्व्हिनने अवजाराची सगळी पुस्तिका वाचली होती. इतकं स्पष्ट त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"मी बोहदानला घेऊन येतो. आत्ता सगळ्या टर्क्या घरोघरी पोचवतो," तो म्हणाला.

"नाही पोचवायच्या. नाव माझं आहे. घेतलेलं काम मी परत करत नाही."

"बाई, रविवारी जेवण आहे. एक ओव्हन आहे."

"ओव्हन मला मोजता येतात," बाई म्हणाल्या, आणि फोनकडे गेल्या.

त्या दुपारी लिंडलमधल्या एकवीस घरांत फोन वाजला. बोलणं सगळीकडे सारखंच होतं. मी बोलतेय. उद्या सकाळी भांडं घेऊन ये. मला तुझा ओव्हन लागणार आहे. कोणी विचारलं, "पण बाई, माझी टर्की..." तर उत्तर मिळालं, "तुझी नाही, माझी. तू भाजणार आहेस." गुरुवारी सकाळी बाईंच्या फाटकापाशी रांग लागली. साठी-सत्तरीची माणसं हातात पत्र्याची भांडी घेऊन उभी होती आणि आपसांत हळू आवाजात बोलत होती. बाई पोर्चमध्ये उभ्या राहून, माणसाकडे एकदा आणि टर्क्यांकडे एकदा पाहून, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे टर्की देत होत्या. आर्लीनला सर्वांत मोठी मिळाली. बोहदानला मध्यम, आणि मीठ कमी घालण्याची ताकीद. मर्व्हिनच्या वाट्याला आली ती इतकी लहान होती की मागच्या माणसाने ती कोंबडी आहे का असं विचारलं.

"बाई, माझा ओव्हन चांगला मोठा आहे," मर्व्हिन म्हणाला.

"ओव्हनबद्दल माझी तक्रार नाही," बाई म्हणाल्या.

जेवण उत्तम झालं. यंदा एकही टर्की कच्ची नव्हती, एकही उशिरा आली नाही, कारण बाईंची टर्की उशिरा नेण्याची कोणाची हिंमत नव्हती. बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांनी विचारलं की इतकी चोख व्यवस्था कशी काय जमली. हॉलतर्फे सांगण्यात आलं की यंदा ऑनलाइन केलं होतं. मर्व्हिन हे ऐकत ग्रेव्हीचं भांडं घेऊन उभा होता. अपमानापेक्षा खोटी स्तुती जड असते; ती खाली ठेवता येत नाही, आणि ग्रेव्हीचं भांडंही त्याला ठेवता येत नव्हतं.

केल्विन जेवायला आला होता. त्याने दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले आणि म्हणाला, "काका, मी सांगितलं होतं."

"तू वेगळं सांगितलं होतंस," मर्व्हिन म्हणाला. "तू म्हणालास, अवजार टाका. अवजाराने मला प्रत्येक माणसासाठी वेगळी खुर्ची दिली होती. पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे त्यावर. मला वाटलं ते मोठ्या शहरांसाठी असेल."

"मग आता?"

"आता खुर्च्या मांडायच्या."

केल्विनने त्याच्याकडे पाहिलं. "काका, त्या विनिपेगच्या पॅकेजमध्ये हे सगळं तयार आहे हो. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"त्यांना आपल्यात कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, ते माहीत आहे का?"

"नाही."

"तू शेवटच्या टेबलावर बसला आहेस," मर्व्हिन म्हणाला. "का, ते मला माहीत आहे. बटाटे खा."

सोमवारी समितीची सभा झाली. आर्लीनने करार टेबलावर ठेवला आणि पेन त्याच्या शेजारी. मर्व्हिन उभा राहिला. चूक आपली होती, अवजाराची नव्हती, असं त्याने आधी सांगितलं, कारण ते इतिवृत्तात यावं अशी त्याची इच्छा होती. मग त्याने मागणी केली: दुरुस्त केलेला प्रोग्रॅम सगळ्यांनी मिळून, एकाच वेळी, हॉलवर बसून वापरून पाहावा. प्रत्येकाला आपलं नाव दिसलं आणि प्रत्येकाच्या नावावर एकच टर्की पडली, तर काम त्याच्याकडे. नाही तर तो स्वतः आर्लीनला पेनचं टोपण काढून देईल.

"या मागणीला अनुमोदन?" आर्लीनने विचारलं.

ग्वेन समितीवर नव्हती. थोराबाई विणत होत्या.

"माझं," बोहदान म्हणाला.

मर्व्हिनने वळून पाहिलं. "तू तर विरोधात होतास."

"अजूनही आहे. पण पट्टा कुठला तुटला ते तुला कळलंय. विनिपेगवाल्यांचा तुटला तर ते आपल्याला फोनवर गाणं ऐकवत बसतील."

मर्व्हिनने दोन आठवडे घेतले. ग्वेनशी आळीपाळीने चाचणी घेणं त्याने बंद केलं. दोघं एकाच टेबलावर समोरासमोर बसून, तोंडाने तीन म्हणून, एकदम बटण दाबत. पहिल्या दिवशी ग्वेनच्या फोनवर त्याचं नाव आलं. ती म्हणाली, "लग्नात घेतलं नव्हतं ते आता घेऊ का?" तिसऱ्या दिवसापासून तिच्या फोनवर तिचंच नाव येऊ लागलं. त्याने शेजारच्यांना बोलावलं. बोहदान दोन फोन घेऊन आला आणि दोन्ही हातांनी एकदम दाबू लागला. नावं जागच्या जागी राहिली.

शनिवारी दुपारी दोन वाजता बावीस घरची माणसं हॉलवर बसली. बाहेर उत्तरेचा वारा सुटला होता आणि पहिलं बर्फ भुरभुरत होतं. आर्लीनने करार आणि पेन आणलं होतं. सगळ्यांनी लॉगिन केलं. मग मर्व्हिनने एकेकाला आपल्या फोनवरचं वरचं नाव मोठ्याने वाचायला लावलं. नाव आणि माणूस जुळत गेले. टेबलामागून टेबल झालं. थोराबाईंनी आपलं नाव वाचलं, चष्म्याच्या वरून मर्व्हिनकडे पाहिलं, आणि पुन्हा विणायला लागल्या. आर्लीनने आपलं नाव वाचलं आणि ते बरोबर आहे हे मान्य केलं.

"नावं झाली," ती म्हणाली. "आता बटण. सगळ्यांनी एकदम. कोणासाठी थांबायचं नाही. चालेल ना, बाई?"

"माझ्यासाठी कोणी थांबायला कधीच सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

मर्व्हिनने तीनपर्यंत मोजलं. बावीस अंगठे खाली आले. एकेक फोन उजळत गेला. कोणी आपल्या नावाचं "धन्यवाद" वाचून दाखवलं, कोणी नुसताच फोन वर धरला. मर्व्हिन भिंतीवरच्या पडद्यावर यादी पाहत होता. नाव एकदाच, टर्की एकच. नाव एकदाच, टर्की एकच. यावेळी त्याने रकाना उघडलेलाच ठेवला होता. एकवीस ओळी भरल्या आणि यादी थांबली.

"कोणाचं राहिलं?" त्याने विचारलं.

"माझं," आर्लीन म्हणाली. तिच्या फोनवर छोटं चाक फिरत होतं.

हा दोष प्रोग्रॅमचा की वाऱ्याचा, यावर लगेच चर्चा सुरू झाली. केल्विन, जो निव्वळ बघायला म्हणून आला होता, म्हणाला की हे दूर जाऊन परत येणं या अवजाराच्या पोटातच आहे. बोहदान म्हणाला की आर्लीन स्वयंपाकघराच्या भिंतीशी बसली आहे, तिथे रेडिओसुद्धा लागत नाही. खजिनदाराने विचारलं की एकवीस म्हणजे मंजूर धरायचं का. ठरावात "प्रत्येक" असा शब्द आहे, असं त्याला दाखवण्यात आलं. तो शब्द मर्व्हिनचाच होता.

"पुन्हा दाबू नकोस," मर्व्हिन आर्लीनला म्हणाला. "दोन पडतील."

"दाबत नाहीये."

ती उठली आणि फोन घेऊन खिडकीकडे गेली. तिथे काही झालं नाही, म्हणून दुसऱ्या खिडकीकडे गेली. मग एका खुर्चीवर चढली. बोहदानने खुर्ची धरली.

दुपारी सव्वातीनपर्यंतची परिस्थिती अशी होती: यादीत एकवीस नावं होती आणि एकवीसही बरोबर होती. बाविसाव्या फोनवर चाक फिरत होतं. करारावर सही झालेली नव्हती. पेन टेबलावरच पडून होतं, कारण फोन उंच धरायला आर्लीनला दोन्ही हात लागत होते.